उभ्या कामाचं आसन

मी साडीच्या दुकानात कामाला लागले त्या संध्याकाळी मायचा फोन आला. पगार किती, मालक कसा, हे काही न विचारता तिनं सरळ मुद्द्याला हात घातला.

"बसून हाय का उभ्यानं?"

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरात मी तेव्हा ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. दिवसभर दुकानात उभी, घरी येऊन पुन्हा उभी. तळपायांची नुसती आग होत होती. पण त्या प्रश्नामागे काय आहे ते मला चांगलं माहीत होतं, म्हणून मी म्हटलं, "बसून आहे वं माय." आणि खोटं बोलायचंच तर त्यात कंजुषी कशाला, म्हणून वर आणखी जोडलं, "खुर्ची आहे. फिरती."

"फिरती?"

"हो ना. इकडं गिऱ्हाईक आलं का इकडं फिराचं, तिकडं आलं का तिकडं."

माय एवढी खूश झाली की तिला काही सुचेचना. "चाल, बरं झालं मायबाई," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आईशी खोटं बोलली म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू दे. आज तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलीन. ज्यांच्या आया जन्मभर सावलीत बसून राहिल्या त्यांनी मला शिकवायला येऊ नये.

माझी माय कुहीकडची. तो सगळा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत ती सकाळपासून चिखलात उभी असायची, कंबरेत वाकलेली, एका हातात रोपांची पेंडी. पावसाळाभर तिच्या पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलली जायची. संध्याकाळी चुलीपाशी पाय शेकत बसली आणि मी शेजारी पुस्तक घेऊन असले की म्हणायची, "हे उभ्याचं काम माह्यावर संपलं पाह्यजे. तुले बसून काम भेटन." देवापाशी तिनं माझ्यासाठी वेगळं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. मला बारावीपर्यंत शिकवलं, शहरात दिलं, जावयाची बुटीबोरीच्या कंपनीतली नोकरी पाहून दिलं. पुढे कंपनीतल्या पाळ्या कमी झाल्या, पोरांच्या फिया काही कमी झाल्या नाहीत, आणि मी घराबाहेर पडले. एवढं सगळं रामायण म्हाताऱ्या माणसाला फोनवर कुठं सांगत बसू? खुर्ची सांगितली, विषय मिटला. निदान मला तसं वाटलं.

थोड्या दिवसांनी गावाकडच्या एका माणसाच्या हाती तिनं गाठोडं पाठवलं. तांदूळ असतील म्हणून मी सोडलं तर आत एक आसन. चौकोनी, चांगलं जाड. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून बारीक टाक्यांनी गच्च शिवलेलं, आणि चारही बाजूंनी लाल काठ लावलेला. तो काठ मी ओळखला. माझ्या लग्नात ती ते लुगडं नेसली होती आणि त्यानंतर पेटीत जपून ठेवलं होतं.

मी फोन केला तर म्हणते, "खुर्ची पिलास्टिकची असन ना? गरम होते वं ते. खाली टाकत जाय."

आसन मांडीवर घेऊन मी रडले. मग डोळे पुसले, ते बॅगेत घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेले. खुर्ची नाही हे मला माहीत, तरी नेलं. घरी ठेवलं असतं तर मायची चक्क फसवणूक झाली असती. दुकानात नेलं म्हणजे तिचं म्हणणं अर्धं तरी पाळलं, असा काहीतरी हिशेब मी मनाशी केला होता. रोज सकाळी ते आसन माझ्याबरोबर ऑटोत बसून यायचं, कामगारांच्या कपाटात डब्याशेजारी पडून राहायचं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी परतायचं.

दुकान रामदासपेठेच्या जवळ, मोठ्या रस्त्यावर. मोठाली काचेची दारं, बाहेर नटवलेले पुतळे, आत आलं की समोरच साड्यांचा विभाग. आमच्यासाठी तिथं खुर्ची नव्हती, स्टूल नव्हतं, साधा पाट नव्हता. वरच्या लोकांचं म्हणणं असं की बसलेली बाई आळशी दिसते, गिऱ्हाइकावर वाईट छाप पडते. टेकायचीही सोय नाही. फळीला पाठ लागली की फ्लोर मॅनेजर लांबूनच बोट हलवायचा. हा मॅनेजर म्हणजे पोरगेलासा, शर्ट पँटीत खोचलेला, कानात सदा वरून येणारे हुकूम. तोही दिवसभर उभाच. त्याच्यावर छतातल्या कॅमेऱ्याचा डोळा, आमच्यावर त्याचा.

यावर आम्ही बायांनी उपाय काढला होता तो पिनेचा. साडीच्या घडीला लावायच्या टाचण्या काउंटरवर पडलेल्या असत. पाय अगदीच बोलायला लागले की एक टाचणी खाली टाकायची, "पिन पडली वं" म्हणायचं आणि काउंटरच्या मागे उकिडवं बसून शोधायची. शेजारच्या बाईनं लगेच म्हणायचं, "नीट शोध, गिऱ्हाइकाच्या पायात जाईन." म्हणजे बस अजून थोडी, मी पाहते इकडं. आमच्या काउंटरच्या पिना फार पडत. मॅनेजरला कळत नसेल असं नाही, पण तो तेवढ्यापुरता छताकडे पाहायचा.

माझ्या काउंटरची जोडीदारीण माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "इथी दोन गोष्टी लागतात, बाई. पायात दम आन तोंडात साखर. मह्यापाशी दोन्ही नाही, तरी निभवून राहिली." तिच्यामुळे ते दिवस निघाले, नाहीतर मी महिनाभरात पळून आले असते.

गिऱ्हाईक दारातून आलं की हात जोडून "वेलकम मॅडम" म्हणायचं आणि मग त्याच्या मागे मागे चालायचं, असा नियम. हा नियम ज्यानं काढला त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मागे चाललं तर गिऱ्हाईक फणकारतं, "मी काय चोर आहे काय, पाळत ठेवून राहिली ते?" नाही चाललं तर मॅनेजर फणकारतो. आणि गिऱ्हाइकाचं तरी काय चुकतं? मी स्वतः कुठं खरेदीला गेले आणि एखादी पोरगी सावलीसारखी मागे लागली की माझंही डोकं फिरतं. बाहेर नागपूरचं ऊन, आत हुडहुडी भरवणारा एसी. दारात पिशवीला प्लॅस्टिकची गाठ मारतात, जशी काही तुम्ही साडी पळवायलाच आलात. गाणी एवढ्या जोरात लावलेली की रंग सांगायला ओरडावं लागतं. पसंत पडून बिलाला गेलं की मोबाईल नंबर द्या. एक आजोबा तिथं अडूनच बसले होते, "बायकोसाठी साडी घेऊन राहिलो, सोयरीक नाही करून राहिलो तुमच्याशी. नंबर काहून पाह्यजे गा?" बिलाची पोरगी बिचारी रडकुंडीला आली. नंबर टाकल्याशिवाय तिचं मशीन पुढे जात नव्हतं, आणि आजोबा काही हटत नव्हते. दोघंही चांगली माणसं, आणि दोघंही घरी जाऊन एकमेकांना शिव्या घालणार.

पण आम्हा काउंटरवाल्यांचा खरा राग एकाच जातीच्या गिऱ्हाइकावर. उघडायला लावणारी. "ती दाखवा. तिच्याखालची. नाही, त्याच्या बाजूची. पदर पूर्ण काढा ना." साड्यांवर साड्या, कमरेएवढा ढीग, आणि मग मोबाईलवर बोलत बोलत "येते हं फिरून" म्हणून जी जाते ती गेलीच. सगळ्या साड्यांच्या घड्या आम्ही घालायच्या, काठाला काठ लावून, पुन्हा जशाच्या तशा. जोडीदारणीनं अशा बायांसाठी एक शिक्षा ठरवून ठेवली होती. मेल्यावर त्यांना नुसत्या घड्या घालायला बसवा, आणि आपण वर उभं राहून म्हणायचं, "काठ जुळला नाही मॅडम, परत करा."

लग्नसराई सुरू झाली. ऊन मी म्हणत होतं. एका दुपारी जोडीदारीण डबा खायला गेली होती, मॅनेजर माझ्याच काउंटरपाशी उभा राहून काहीतरी सांगत होता, आणि काचेच्या दारात गोंधळ ऐकू आला.

आमच्याकडे लग्नाची कापडं घेण्याला बस्ता म्हणतात. बस्त्याला एकटंदुकटं कोणी जात नाही, गाडी भरून जातात. नवरी, तिची आई, काकवा, माम्या, आणि एखादी अशी म्हातारी, जिनं मान हलवल्याशिवाय कापड पसंत झालं असं धरत नाहीत. जुन्या दुकानांत पांढऱ्या गाद्या असायच्या. चपला खाली काढायच्या, गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदार समोर बसून एकेक लुगडं उलगडणार. तीच सवय घेऊन ही मंडळी आली होती. आमच्या काचेच्या दाराबाहेर सगळ्या बायांनी चपला काढून ओळीनं ठेवल्या होत्या आणि वॉचमन त्यांच्या विनवण्या करत होता.

"मावशी, चप्पल घालूनच या ना."

"कापडाच्या दुकानात? चपला घालून?" त्या बायांमधून एक आवाज आला. "काय बोलून राहिला गा हा?"

तो आवाज ऐकून माझ्या हातातली घडी सुटली. माय होती.

माय आणि तिच्यामागे शेजारची काकू, नवरी, नवरीची आई, आणखी दोघीतिघी. सगळं आमचं गाव. अनवाणी पायांनी त्या पांढऱ्या थंड फरशीवरून येत होत्या. मला फोन नाही, निरोप नाही. नंतर समजलं की लेक जिथं खुर्चीवर बसते त्याच दुकानात बस्ता होईल, असं तिनंच ठरवून टाकलं होतं. गावात तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. फिरती खुर्ची आख्ख्या गावाला माहीत होती.

मी मायकडे धावत गेले नाही. पहिलं कारण म्हणजे घरच्या माणसाला माल दाखवायचा नाही अशी दुकानाची सक्त ताकीद. ओळखीत गडबड करतात म्हणे. दाखवला तर घरी बसा. आणि मॅनेजर अगदी शेजारी. पण ते जाऊ द्या, नोकरी दुसरी मिळाली असती. मायला आता माझं उभं राहणं दिसणार होतं, तेही साऱ्या गावासमोर, याची मला खरी धास्ती वाटली. तिनं जे एकच मागितलं होतं ते मी तिला फुकटचं देऊन बसले होते, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत काढून घेणार होते.

तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिची नजर काउंटरच्या मागे गेली. खुर्ची शोधत होती ती.

मी हात जोडले. "वेलकम मॅडम," म्हटलं.

आपल्या मायला मॅडम म्हणताना जीभ कशी जड होते ते कोणाला सांगूनही कळायचं नाही. मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं. दुकानाचे काळे बंद बूट, आणि त्यांच्यावर फुगलेले घोटे. तिनं ओळख दाखवली नाही. पण काकूचं तोंड कोण धरणार?

"अवं पोरी, खुर्ची कुठी हाय वं? ते फिरते ते?"

मॅनेजरला वाटलं, म्हाताऱ्या बाईला बसायला हवंय. तो बिचारा अदबीनं म्हणाला, "मावशी, इथं खुर्च्या नाहीत. कोणालेच नाहीत. स्टाफ पण दिवसभर उभाच असते. उभ्यानंच पाहा लागते."

सगळ्या बायांनी ऐकलं. नवरीच्या आईनं मायकडे पाहिलं, काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिले. वर गाणं चालू होतं, कोणाच्या तरी लग्नात नाचण्याचं.

मग मायचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा. "बस्त्याले कोणी खुर्चीवर बसते काय? बसा वं खाली सगळ्या." आणि तिनं पदर सावरला आणि साड्यांच्या विभागाच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, फरशीवर मांडी घातली. तिच्या मागोमाग पटापट सगळ्या बसल्या. येणारी गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जायला लागली.

मॅनेजर घाबरला. "मावशी, मावशी, इथं खाली नाही बसता येत."

"काहून गा बाबू? लग्नाचं काम हाय. उभ्या उभ्या लग्नाचं कापड घेते काय कोणी? अपशकुन नाही करत बाबा आमी."

त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, बायांच्या गोतावळ्याकडे पाहिलं. आख्ख्या लग्नाचा बस्ता होता. हातचा गेला असता तर वरच्यांनी त्यालाच धरलं असतं. कानातल्या यंत्रात तो काहीतरी पुटपुटला आणि मला म्हणाला, "दाखवा लवकर."

मी साडी उचलून वाकले. माय म्हणाली, "हे बाई उभी राहीन, मंग मी मान वर करू करू पाहू काय? मान दुखते माही. बस वं बाई, तू बी खाली बस."

मी मॅनेजरकडे पाहिलं. त्यानं हातानंच खूण केली, बसा.

मी बसले. कामावर लागल्यापासून त्या दुकानात पहिल्यांदा बसले, आणि तेही माझ्या मायसमोर, गुडघ्याला गुडघा लावून. बुटातल्या पायांतून कळ वर आली आणि मग हळूहळू उतरायला लागली. मला एवढं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

पहिलीच साडी मी माझ्या मनातली काढली होती. डाळिंबी रंग, बारीक जरीचा काठ, फार दिवस माझा तिच्यावर डोळा होता. नवरीचे डोळे चमकले. मायनं काठ दोन बोटांत धरून चोळला, मांडीवर घेतला आणि म्हणाली, "दुसरी दाखव."

दुसरी दाखवली. "हे फिक्कट हाय." तिसरी. "काठ लहान हाय." मग हिरवी, मग पिवळी, मग मोतिया. एकही पसंत पडेना. मला आश्चर्य वाटायला लागलं. ही बाई कुहीच्या बाजारात दुकानदार गाठोडं सोडतो न सोडतो तोच लुगडं निवडून मोकळी होते, आणि आज हिला झालंय काय? माझ्या मागे फळ्या होत्या, साडी काढायला उठावं लागणार म्हणून मी हात टेकले तर मायनं काकूला हाक मारली. "तू काहून ढिम्मावानी बसली वं? उठ, काढून दे तिले." काकूनं एकवार मायकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे, आणि मग तोंड बंद ठेवून उठली. त्या दिवसानंतर काकूबद्दल मी वाईट बोलले नाही. पुढे मायनं मॅनेजरलाही कामाला लावलं. "बाबू, तुहा हात पुरते, ते वरची दे गा." तो देत राहिला. एकदा म्हणाली, "तू बी बस ना बाबू. सकाळपासून उभाच असशीन." तो एवढा लाजला. "नाही मावशी, कॅमेरा आहे," म्हणाला, पण हसला, आणि मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

ढीग वाढत चालला. आमच्या दोघींच्या मांड्या दिसेनाशा झाल्या. गाण्याच्या आवाजात, ओठ फारसे न हलवता, मायनं विचारलं, "आसन कुठी हाय?"

"बॅगेत," मी म्हटलं. "रोज आणते मी, माय."

ती नुसती साडीवरून हात फिरवत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "आणखी दाखव."

आणि तेवढ्यात साड्यांच्या ढिगाखाली माझ्या पायाला काहीतरी लागलं. मी दचकले. मायचा हात होता. तिनं चाचपडत माझा बूट काढला, टाच मुठीत धरली आणि दाबायला लागली. तिचा तळवा एवढा खरबरीत की वरच्या जॉर्जेटचे धागे त्याला अडकत होते. वरून चेहरा अगदी खवट गिऱ्हाइकाचा. "याचा पदर काढ बरं पूर्ण. नाही, हे नाही जमत. ते बाजूची." आणि खाली अंगठा तळपायात रुतवून, बोटं एकेक ओढून, जशी ती रोवणीनंतर स्वतःचे पाय दाबायची तशी माझे दाबत होती. कॅमेऱ्याला दिसत होता तो साड्यांचा ढीग.

तेव्हा मला समजलं की ती एवढं का उघडायला लावते आहे.

डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते, तेही बरंच झालं. मी पदर उलगडत राहिले. नको त्या, जाड, भडक, कोणी नेसणार नाही अशा साड्याही मागवल्या आणि उलगडल्या. दुसरा पायही हळूच पुढे सरकवला. एवढी हावरट मी कधीच झाले नव्हते.

जोडीदारीण डबा खाऊन परत आली तर दारात चपलांची ओळ, मधोमध बायांची पंगत आणि त्यात मी फतकल मारून. तिचे डोळे कपाळावर गेले. तिला काहीच माहीत नव्हतं. ती साड्या काढून देत राहिली आणि दर वेळी वाकली की माझ्या कानाशी पुटपुटत राहिली, "घेणार नाही पाह्य हे म्हातारी. लिहून ठेव."

शेवटी नवरीच कंटाळली. मायला म्हणाली, "मोठमाय, मले तं पहिलीच आवडली होती."

"थांब वं पोरी. घाई काहून?"

बाहेर त्यांच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मायनं माझा पाय एकदा घट्ट दाबला, तसाच थोडा वेळ धरून ठेवला, मग चाचपडून बूट घातला. ढिगातून हात बाहेर काढून गुडघ्यावर टेकवला आणि उठता उठता म्हणाली, "पहिली दाखवली होती ना? तेच दे."

बाया हसल्या. जोडीदारणीनं कपाळावर हात मारला. बाकीचा आहेर मायनं कुहीच्या बाजारात घ्यावा तसा झटपट घेतला, बिलावर नंबर मागितला तेव्हा काकूनं आपल्या नवऱ्याचा दिला, आणि मंडळी निघाली. गिऱ्हाइकाला दारापर्यंत पोचवायचं असा नियम आहे. त्या दिवशी तो नियम मला फार आवडला. चपला घालताना माय माझ्या खांद्याला धरून वाकली. खाली पाहत, वॉचमनला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ते आसन इथी आणत नोको जाऊ. घरी ठेव. घरी तरी बसत जाय, माय."

ती खुर्चीबद्दल बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. मी "सावकाश जा मॅडम" म्हटलं, आणि तिनं मागे वळून न पाहता हात वर केला.

संध्याकाळी आम्ही दोघी घड्या घालत होतो. ढीग काही संपता संपत नव्हता. जोडीदारीण काठाला काठ लावत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. अशी म्हातारी बापजन्मी पाहिली नाही, सगळं दुकान उपसलं, आणि घेतली तर कोणती, तर पहिली! हिच्या घरचे हिला सहन कसे करतात? मेल्यावर हिला घड्या घालायला बसवतील तेव्हा आपण दोघी मिळून जाऊ पाहायला.

मी आणखी दोन घड्या घातल्या. मग मला राहवेना.

"माय होती माही," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मॅनेजर लांब होता की जवळ ते पाहून घेतलं. हातातली अर्धी घातलेली घडी तिनं काउंटरवर ठेवली आणि माझ्यावर अशी काही डाफरली की पलीकडच्या काउंटरच्या बायाही वळून पाहायला लागल्या.

"मंग एवढ्यात काहून उठू दिलं वं तिले? त्या वरच्या फळीवरच्या तं उघडाच्या राहूनच गेल्या!"